ज्याला आलं त्यानं मारायचं

ईट, एट, ईटन ही रूपं कानावर पडली की मला आजही शिसारी येते. वाशीमच्या इंग्रजी शाळेत ती आम्ही घोकली. मास्तर पुण्याकडचे. ज्याला उत्तर आलं त्यानं न आलेल्याच्या थोबाडीत मारायची, असा त्यांचा दंडक होता. हलकी मारली तर खरी कशी मारतात हे ते मारणाऱ्याच्याच गालावर दाखवीत. याला ते शिक्षण म्हणत.

मी आणि माझा वर्गसोबती अनसिंगच्या वाटेवरच्या आमच्या गावाहून दोन कोस चालत यायचो. ईट्स आणि इज ईटिंग यांतला फरक माझ्या टाळक्यात काही शिरत नव्हता. एका सकाळी वाटेत त्यानं तो उलगडून दिला. शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, एक बैल कडबा खात उभा होता.

"तो पाह्य, बैल खाऊन राह्यला," तो म्हणाला. "अजून झालं नाई त्याचं. हेच ते ईटिंग."

मास्तरांना वर्षभरात जमलं नव्हतं ते त्यानं एका बैलावर भागवलं.

त्याच दिवशी मास्तरांनी त्याला 'ही इज ईटिंग'चा अर्थ विचारला. तो उभा राहून म्हणाला, "तो खाऊन राह्यला." वकिलांची पोरं बाक बडवून हसली. मास्तरांनी नाक मुरडलं, ही गुराख्याची भाषा म्हणाले आणि मला उठवलं. मी सांगितलं, तो खात आहे. शाबासकी मिळाली आणि पाठोपाठ मारायचा हुकूम.

माझी फी माफ होती आणि ती माफी मास्तरांच्या हाती होती. हे कारण मी आयुष्यभर स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण नासकं आहे. हळू मारून एक थप्पड आपण खाल्ली असती तर काही मरत नव्हतो. मी काडकन मारली. त्याच्या गालावर चारही बोटं उठली, आणि मला वर्गात पहिला आल्यासारखं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची किळस अजून जात नाही.

मधल्या सुट्टीत चिंचेखाली त्यानं रोजच्यासारखं फडकं सोडलं आणि भाकर मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. माझा हात पुढं होईना.

"घे ना," तो म्हणाला. "काहून, हात दुखून राह्यला काय तुहा?"

मी घेतली आणि सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्याला चुकवून, लवकर निघून, ते दोन कोस मी एकटाच चाललो.