रक्तातील चरबी

ठाण्याच्या एका रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर मिठागरातला एक कामगार होता. त्याच्या जठराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व्हायची होती. पण रक्तात चरबी फारच कमी आहे, पोषण सुधारल्याशिवाय धोका मोठा, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरीही तो दुधाचा पेला दोन बोटांनी दूर सारी आणि भेटेल त्याला अभिमानाने सांगे, "मालक जलमभर बोलला, तुला चरबी आली. आता डाक्तरच बोलतान, रगतान चरबी नाय!"

ही चरबी उर्मटपणाची नव्हे, शक्तीची, हे मी शिक्षकी सवयीने तीनदा समजावले. चौथ्यांदा माझा संयम सुटला. "अहो, मालकाला हे ऐकवायला जिवंत तरी राहाल का?"

त्याने दूर सारलेला पेला जवळ ओढला. मग पेला रिकामा करून, ओठांवरची साय पुसत म्हणाला, "थोरी चरबी येऊ दे मंग, गुरुजी."