बंद न होणारा लॅपटॉप

कॉम्प्युटर आपणहून काही करत नाही. करतो ते कुणीतरी गाढवाने लिहिलेलं असतं, आणि बहुतेकदा ते गाढव मीच असते. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. पण हे मी स्वतः पाहिलंय, तेही भर दुपारी, चहा पिताना... म्हणून लिहितेय.

आम्ही रत्नागिरीत मांडवीला राहतो. शेजारचा संदेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझ्याबरोबरच नोकरीला होता. त्याला कुठूनतरी एक विचित्र लॅपटॉप मिळाला होता – आत प्रोसेसर चक्क फोनचा. त्यावर त्याला जगात मूठभर लोक वापरतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची होती. का? तर अजून कुणी चालवली नाही म्हणून. सगळ्या सुट्ट्या त्यातच. स्क्रीन लागली, कीबोर्ड चालला, पण शटडाउन काही होईना. बटण दाबून धरावं लागे.

बंद होताना स्क्रीनवर ‘येतो’ उमटावं ही त्याची हौस. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, तसंच. त्या सिस्टिमला मराठी येत नव्हतं, म्हणून ‘ये’ आणि ‘तो’ एवढीच अक्षरं त्याने ठिपक्याठिपक्याने स्वतः काढली होती.

मग एका रविवारी तो वडिलांच्या होडीवर गेला आणि पाण्यात पडला. खूप शोधलं. सापडला नाही.

वडील क्रियाकर्म उरकू म्हणायचे. काकी, म्हणजे त्याची आई, ऐकत नव्हत्या. "येतो म्हणून गेलाय तो. दिवस कसले घालताय?" रोज त्याच्या वाटणीचा भात राखून ठेवायच्या. मला ते बघवायचं नाही.

एकदा त्यांनी तो लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "ह्याचं राहिलेलं तू पुरं कर गो. आला की खूश होईल." नाही कसं म्हणणार?

चूक अखेर सापडली. बॅटरी सांभाळणाऱ्या चिपसाठीचा ‘बंद हो’ हा निरोप भलत्याच पत्त्यावर जात होता. ते दुरुस्त केलं आणि काकींच्या पडवीत, त्यांच्यासमोरच शटडाउन दिलं.

स्क्रीनवर आलं – ‘जातो’.

तशीच ठिपक्यांची जाडसर अक्षरं. आणि मशीन पहिल्यांदाच आपणहून बंद झालं.

मी घाईघाईने परत चालू करून बंद केलं. ‘येतो’. त्यानंतर आजपर्यंत ‘येतो’च येतंय. घरी येऊन सगळा कोड पिंजून काढला, ‘जा’ कुठेच काढलेलं नाही. मला एकटीला दिसलं असतं तर भास म्हणून सोडून दिलं असतं, पण काकींनीही वाचलं होतं. जाणकारांना विचारलं तर म्हणाले, मेमरी खराब असेल. अहो, खराब मेमरी कचरा दाखवते, धड मराठी नाही.

त्या दुपारी मी तिसऱ्यांदा चालू करायला गेले, तर काकींनी माझा हात धरला. "राहू दे. सांगितलान त्याने." मग खूप रडल्या, तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही रडले.

नंतर तोंड धुऊन आत गेल्या आणि काकांना म्हणाल्या, "भटजींना विचारून या, त्यांना कधी जमेल ते."