एकं की दहं

माझ्या वडिलांनी मला फसवलं. सोलापूरच्या जनावरांच्या बाजारात, भर दुपारी, चारचौघांच्या देखत फसवलं, आणि ते कुणालाही दिसलं नाही. आप्पा आता नाहीत. पण त्या वेळी आमच्या शेजारी बैलाचा कासरा धरून उभा असलेला माझा थोरला भाऊ, अण्णा, आहे. म्हणून लिहितो आहे. त्याने वाचावं, आणि माझ्यासारखे जे घर सोडून गेले त्यांनीही वाचावं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि मी निघालो. तो निरोप मला अजून इंजिनाच्या धुरातूनच दिसतो. अण्णाने ट्रंक आत ढकलली. अव्वाने, म्हणजे आईने, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं खिडकीतून दिलं आणि कानडीत म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. आप्पा डब्यापाशी आलेच नाहीत. गाडी हलली तेव्हा ते मला कठड्यापलीकडे दिसले. एका टांग्याच्या घोड्याचं तोंड उघडून त्याचे दात बघत होते.

पुण्यात मी सोलापुरी ढंगात "काय करलालाव" म्हटलं की हॉस्टेलची मुलं हसायची. एकदोघांना मी बुकललं, मग हसणं थांबलं. पण माझं बोलणंही थांबलं. थंडीच्या सुट्टीची मी वाट बघत होतो ती नुसत्या बोलण्यासाठी.

ती सुट्टी मला एखाद्या लांबलेल्या सकाळसारखी आठवते. मिलचा भोंगा झोपेतच ऐकू यायचा आणि झोप मोडायची नाही, उलट घट्ट व्हायची. अंगावर चादर, चादरीवर ऊन, आणि अव्वा भाकरी थापतेय तो आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून यावा तसा. दुपारी आम्ही शेतात हुरडा भाजायचो. शेण्यांचा धूर ज्वारीच्या ताटांवर तरंगत राहायचा. सुट्टी संपली तरी मी हललो नाही. संक्रांत जवळ आली होती, गड्ड्याची जत्रा भरायची होती, आणि जत्रेबरोबर जनावरांचा बाजार.

बाजार हे आमचं खरं घर. आप्पा बैलांचे दलाल होते. ज्यांनी तो धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. एक जण दुसऱ्याची बोटं धरतो. जितकी बोटं, तितका आकडा. पटलं नाही तर समोरचा बोटं बदलतो. पटलं की तळहातावर थाप. बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसतं. एक नियम मात्र पक्का: आकडा एकंचा, दहंचा की शतंचा, हे हात घालायच्या आधी तोंडाने ठरवून घ्यायचं.

हे सगळं मला आप्पांनीच शिकवलं होतं. अण्णाचा हात जड. त्याच्या बोटांवरूनच समोरच्याला कळायचं की हा घाईला आलाय. माझा हात आप्पांसारखा होता. अख्खा बाजार तसं म्हणायचा.

त्या दिवशी खिलारांच्या दावणी उन्हात पिवळ्या दिसत होत्या. रंगवलेली शिंगं, गळ्यातल्या घुंगरमाळा, धुळीत सगळं अर्धं बुडालेलं. मला वाटलं, पुणं वगैरे काही नाहीच, ते मी हॉस्टेलवर झोपेत पाहिलं असेल. मी आप्पांना म्हणालो, "शिकून झालं की मी हितंच बसणार. कधी येऊ तेवढं सांगा."

 आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या हातावर टाकलं.

 बाप माझ्याशी सौदा करत होता! मी पाडून सुरुवात केली: त्यांची दोन बोटं धरली, दोन वर्षं. त्यांनी माझी चार धरली. मी तीन केली. त्यांनी पुन्हा चार, या वेळी जरा दाबून. डिग्रीची वर्षं चारच. मी म्हटलं, ठीक आहे, म्हातारा हिशेबाला पक्का आहे. मी हात सैल सोडला. त्यांनी तळहातावर थाप दिली आणि माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्या थापेवर मी हॉस्टेलमधली सगळी वर्षं काढली. रात्री डोळे मिटले की तो पिवळा बाजार समोर उभा राहायचा आणि मी त्यात चालत जायचो.

डिग्री घेऊन संक्रांतीला बाजारात आलो. आप्पांचं उपरणं अण्णाच्या खांद्यावर होतं. मी म्हणालो, चार ठरली होती, आलो.

"च्यार ठरली हुती," आप्पा म्हणाले. "पण एकं की दहं, इचारलास का तू?"

मला आधी कळलंच नाही.

"दहं हुतं, मल्लू. च्याळीस वर्सं. ज्या आता."

दावणीवरची माणसं हसली. अण्णाही हसला. "इंजिनेर झालास की बे," म्हणाला, "शून्य कुटं द्यायचं कळंना व्हय?"

मी भडकलो. बापलेकात कसलं एकं आणि कसलं दहं, असं ओरडलो. आप्पांचा आवाज चढला नाही. "हितं बाप कोण न्हाय. उपरण्याखाली दोन हात असत्यात, बास." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी संध्याकाळच्या गाडीने निघालो. या वेळी निघताना अव्वाने "होगि बा" म्हटलं की नाही, मला आठवत नाही. मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

पुढे कोइमतूरला आलो. पंपाच्या पार्ट्सचा कारखाना शून्यातून उभा केला. इथं माझ्याशी भाव करताना परचेस मॅनेजर घाम पुसतात. कुठलंही कोटेशन आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "रेट कशाचा? पीसचा की डझनाचा?" ऑफिसातली पोरं पाठीमागे माझी नक्कल करतात. करू देत. मुलं तमिळ आणि इंग्रजीत भांडतात, बायको मराठीत समजावते, आणि मला राग आला की तोंडातून कानडी येते, ती या घरात कुणालाच कळत नाही.

सोलापूरला जातो अधूनमधून. नवी चादर अंथरतात. चहा बशीसकट येतो. अण्णा विचारतो, "कवा निगनार?" वाईट हेतूने नाही, पाहुण्याला विचारतात तसंच. घर म्हणजे जिथं हा प्रश्न कुणाला सुचत नाही ते ठिकाण, एवढंच मला आता म्हणायचं आहे. असं ठिकाण मला कोइमतूरला आहे. सोलापूरला नाही, आणि स्वप्नात मात्र मी अजून धुळीतून चालत सोलापूरलाच जातो.

अण्णा, चाळीसही भरली. दलाल गेला तर त्याचा सौदा त्याच्या जागेवर बसणाऱ्याने निभवायचा, हा बाजाराचा कायदा तुला माहीत आहे. मला तुझी जागा नको. उपरणंही नको. मला एवढंच हवं आहे: आप्पांनी ती चार बोटं का धरली? मी शेणामातीतून सुटावं म्हणून, की तुझा हात जड होता आणि मी असतो तर तुला कुणी विचारलं नसतं म्हणून? मी गेल्यावर ते तुझ्याशी काही ना काही बोलले असणारच. इतकी वर्षं तू फोनवर "ये की, घर तुजंच हाय" म्हणून विषय टाळलास. या संक्रांतीला मी येतो आहे. बाजारात माझ्यासमोर उभा राहा, आणि हात मागे ठेवून तोंडाने सांग.