चिंचेवरचे बगळे

अहिल्याबाई आशागडच्या पुढच्या एका पाड्यावर शाळा चालवत. एक खोली, चार यत्ता. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला आणि चोपन्न साली बदलीचा कागद घेऊन त्या इथे आल्या. पाड्याने त्यांना कधी दुखावलं नाही. पण शाळा सुटल्यावर त्यांच्या दाराशी कोणी येतही नसे.

सोबत होती ती समोरच्या चिंचेची. झाड समोर राहणाऱ्या देवजीच्या बांधावरचं. आषाढ लागला की तिच्यावर गायबगळे उतरत, मागून ढोकऱ्या आणि पाणकावळे. काटक्यांवरून त्यांची भांडणं जुंपत. बाई पायरीवर बसून त्यांच्याशी बोलत. एकीला आळशी म्हणत, दुसऱ्याला तुझं घरटं यंदाही वाकडंच म्हणून चिडवत.

अठ्ठावन्नच्या चैत्रात देवजीने चिंच वीटभट्टीवाल्याला जळणासाठी विकायचं ठरवलं. घरावर कौलं घालायची होती. बाईंनी परोपरीने विनवलं. तो हसला. बगळ्यांना काय, दुसरी झाडं आहेत, म्हणाला.

पुढच्या रविवारी सगळा पाडा लग्नाला गेला होता. बाईंनी बुंध्याशी एक दगड उभा केला, त्याला तेल-शेंदूर फासला, पुढे नारळ ठेवला. देवाच्या झाडाला इथे कोणी कुऱ्हाड लावत नाही, एवढं त्यांना चार वर्षांत कळलं होतं.

भट्टीवाला आला, दगड पाहून परत गेला.

आषाढात बगळे आले. मागोमाग माणसंही येऊ लागली. आधी एक कोंबडा कापला गेला. मग दर रविवारी ढोल, चुली, धूर. कोणाचं पोर बरं झालेलं, कोणाची हरवलेली म्हैस सापडलेली. पिसं न फुटलेली पिल्लं घरट्यांतून खाली पडू लागली. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी सगळे पक्षी एकदम उठले. झाडावर दोन घिरट्या घातल्या आणि खाडीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवजीची बायको नवशी दगडाभोवती झाडत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. हा देव मीच बसवला, असं त्यांनी सांगून टाकलं.

"ठावं हाय," नवशी झाडता झाडता म्हणाली. "देव बसवायला भगत लागतो, बाई. आमचा भगत तर त्या दिवशी लग्नात नाचत व्हता."

"मग तुम्ही झाड का नाही दिलं?"

"शेंदूर लागलेला दगड उचलायचा कोणी? तुमी उचला. आमी कौलं घालू."

तिच्या मागे घराचं छप्पर गळत होतं. आत दोन ठिकाणी भांडी लावलेली दिसत होती.

बाई वाकल्या. दगडावर कोणीतरी सकाळीच ताजं फूल वाहिलं होतं. त्यांनी हात पुढे नेला, तसाच मागे घेतला.

त्या आणखी सात वर्षं तिथे राहिल्या. चिंच उभी होती. बगळे तिच्यावर पुन्हा उतरले नाहीत.