साडू आणि थंडीनं फुटलेलं इंजिन

माणसाच्या आजारपणात कसं वागावं हे माझ्या साडूंना साठी उलटून गेली तरी कळलेलं नाही; पण इंजिन आजारी असेल, तर त्यांच्याइतका हळवा गृहस्थ अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे तोंडं पाडून खाटेभोवती उभे होतो आणि साडू दवाखान्यामागच्या जनरेटरपाशी कान देऊन बसले होते. परत आले ते सासूबाईंच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "तुमचं ठीक आहे, पण त्या जनरेटरचं काही खरं नाही." सासूबाई नुसत्या हसल्या. या जावयाची त्यांना सवय होती. मुलगी पाहायला आले होते तेव्हाही हे पोह्यांची बशी तशीच ठेवून विहिरीवरच्या डिझेल पंपाकडे गेले होते, आणि सासऱ्यांनी अवघडून "मग, पसंत आहे का?" असं विचारल्यावर हात पुसत म्हणाले होते, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात." त्यावरही लग्न कसं जमलं हे माझ्या मेहुणीला अजून नीट सांगता येत नाही.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं जड मशिनांचं गॅरेज होतं. गुडघे गेले तसं ते बंद झालं, पण जुनं इंजिन घ्यावं की भंगारात द्यावं असा प्रश्न पडला की लोक अजून साडूंनाच बोलावतात, आणि त्यांना स्कूटरवर बसवून न्यायचं काम माझ्याकडे. निवृत्तीनंतर मला मिळालेली ही एकमेव नोकरी, असं माझी बायको म्हणते. मशीनवर चढताना साडू चप्पल खाली काढतात. निदान होईपर्यंत तिथला चहा घेत नाहीत; "चहा घेतला की भीड पडते," म्हणतात. आणि जे दिसेल ते तोंडावर सांगतात. एका कंत्राटदाराने दसऱ्याला आपल्या पोकलेनला झेंडूचा हार घालून साडूंना मोठ्या हौसेने दाखवलं, तर हे म्हणाले, "घाला, घाला. आता ह्याला हारच घालायचा राहिलाय." कंत्राटदाराने पुढे वर्षभर बोलणं टाकलं. मी त्यांना कितीदा म्हटलं, की अहो, थोडं गोड बोलायला काय जातं? त्यांचं उत्तर ठरलेलं. इंजिनाबद्दल खोटं बोललं की ते कुठेतरी घाटात कोणाच्या तरी अंगावर येतं.

गेल्या हिवाळ्यात आडगाव नाक्यापलीकडच्या एका आवारात असंच बोलावणं आलं. पेठकडचं एक कुटुंब होतं. त्यांचा थोरला भाऊ घरचा बुलडोझर घेऊन वर हिमालयात रस्त्याच्या कामावर गेला होता. एका संध्याकाळी काम थांबवल्यावर त्याच्या छातीत कळ आली, जीपने खाली नेता नेता तो वाटेतच गेला. मशीन तिथेच बर्फात राहिलं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, दोन हिवाळे त्याने तसेच काढले, आणि आता कुठे ट्रेलरवरून ते नाशकात आलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा धाकटा भाऊ आणि त्या गेलेल्या माणसाची बायको, दोघं मशीनच्या दोन बाजूंना उभी होती. एकमेकांशी बोलत नव्हती.

"दादानं त्या दिशी पाणी सोडलं नाय," धाकटा आल्या आल्या म्हणाला. "तिकडं रोज सांजच्याला इंजिनातलं पाणी सोडावंच लागतंय, नायतर रातीत गोठतंय. दादा तसाच निघाला. घरची मशीन गेली."

बाई पदर घट्ट धरून उभी होती. तिने साडूंकडे पाहिलं. "सायेब, मशीन नीट झाली तर बरंच हाय. नाय झाली तरी काय करणार? पण त्यांनी पाणी सोडलं व्हतं का नाय, तेवढं मला सांगा. दोन वरसं घरात हेच चाललंय. माणूस गेला त्याचं कुणी काय बोलंना, पाण्याचंच बोलत्यात." मला तिच्याकडे बघवेना.

साडूंनी चप्पल काढली. इंजिनाच्या कुशीवरचा चिखल रॉकेलने धुतला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव बिडाच्या धडाच्या, बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या, ज्यांना गॅरेजवाले डमी म्हणतात, त्यातल्या दोन उडून गेल्या होत्या. धाकट्याच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. डमी उडाली की ब्लॉक वाचतो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. "तसं नसतं," साडू म्हणाले. "पाणी गोठलं की फुगतं. बीड फुगत नाही, फुटतं. डमी उडाली तरी फुटतं." मग त्यांनी धुतलेली जागा कोरडी पुसली, खिशातून पांढरा खडू काढून सगळ्या कुशीवर घासला आणि वाट पाहत बसले. थोड्या वेळाने खडूवर एक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ डमीच्या खालून निघून पार मागपर्यंत गेली होती. त्यांनी खालच्या ऑइलच्या टाकीचा बोल्ट सैल केला, तर आधी पाणी आलं आणि मग ऑइल. म्हणजे चीर आतही होती. साडूंनी बोल्ट परत आवळला आणि मशीनवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मयताला गेल्यावर माणूस बसतो तसे.

मग ते उताणे होऊन खाली शिरले. तिथे पाणी सोडायचा पितळी कॉक असतो. मीही वाकून बघत होतो. कॉक उघडा होता, पूर्ण उघडा, आणि हिरवट गंज धरून तसाच घट्ट बसला होता. साडूंनी तारेचा तुकडा घेऊन त्या भोकात घातला. तार जाईना. त्यांनी ती फिरवली तेव्हा वाळलेल्या गाळाचा एक बोळा त्यांच्या तळहातावर पडला. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मूठ मिटली आणि बाहेर आले.

"वहिनी, इकडे या," ते म्हणाले. आजवर कोणा गिऱ्हाइकाला त्यांनी नात्याने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्यांनी तिला वाकायला लावून तो कॉक दाखवला. "हा उघडा आहे. गंज बघा. काल-परवा कोणी उघडलेला नाही. तुमच्या माणसानेच उघडलाय."

"म्हंजी सोडलं व्हतं?"

"सोडलं होतं."

"मंग फुटला कशानं?" धाकट्याने विचारलं.

"थंडीनं," साडू म्हणाले. "आपल्याकडच्या माणसाला ती थंडी माहीत नसते. ब्लॉक गेलाय. ह्याच्यावर खर्च करू नका."

बाई तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.  मग धाकटा मशीनला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि म्हणाला, "वयनी, चल. घरी जाऊन आईला सांगू." तिने आणलेल्या थर्मासमधला चहा साडूंनी उभ्याउभ्याच घेतला. दुसऱ्यांदाही घेतला.

स्कूटर हमरस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "कॉक तर तुंबलेला होता."

"डोंगरातलं पाणी, गाळ धरणारच," मागून साडू बोलले. "कॉक उघडला की तार घालायची असते. सगळं पाणी जाईस्तोवर थांबायचं असतं. तो थांबला नाही."

"मग तसं सांगितलं का नाहीत? तुम्ही तर कोणाचीच भीड ठेवत नाही."



"छातीत कळ येत असताना माणूस त्या थंडीत मशीनखाली शिरला," ते म्हणाले. "आणि बाईनं मला इंजिनाचं विचारलंच नव्हतं."

मी आरशात पाहिलं. त्यांची मूठ अजून मिटलेली होती. शेजारून एक भरलेला ट्रक कण्हत कण्हत चढावर गेला, आणि साडूंनी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.