खाली कोण उभं आहे?

तंजावरची बदली मी मागून घेतली, हे ऑफिसात कुणाला पटलं नाही. नाशिकची, पंधरा वर्षं सह्याद्रीच्या कड्यांवर प्रस्तरारोहण करणारी बाई, आणि जाते कुठं, तर नजर पोचेल तिथवर भातशेती, कालवे आणि नारळ. "तिथं चढणार काय, देवळाचं शिखर?" असं एकीनं विचारलंही. मी हसून वेळ मारून नेली. तिथं चढायला काही नाही, म्हणूनच तर मी तंजावर निवडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी एका कड्यावरून पडले. उजव्या टाचेचे तुकडे झाले, ते डॉक्टरांनी जुळवले. त्या दिवशी खाली माझा दोर धरून माझा सगळ्यात जुना मित्र उभा होता, आणि माझा हात सुटला तेव्हा तो मान वळवून कुणाशी तरी बोलत होता. दोन क्षणांचं दुर्लक्ष. पण दोर ढिला राहिला आणि जिथं मी चार फूट पडायची, तिथं थेट खालच्या दगडांवर आले. तो रडला, माफी मागितली. मी "अरे, होतं असं" म्हणाले आणि त्यानंतर त्याचा एकही फोन घेतला नाही. टाच बरी झाल्यावर पुन्हा कड्यापाशी गेले, तर पाय जमिनीवरून सुटले की मला वर बघताच येईना. सारखी मान खाली, दोर धरणाऱ्याच्या तोंडाकडं. असं कुणी चढतं का? लोकांना सांगितलं, टाच दुखते. लोकांनी मानलं. टाचेला कोण नाही म्हणणार?

तरी सामान बांधताना चढाईची सॅक मी ट्रकमध्ये टाकलीच. का, ते मला विचारू नका.

घर मिळालं ते एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचं. त्यांना मी मामा म्हणू लागले. ते त्याच घरात राहायचे, तंजावरचे पिढीजात मराठी. देवनागरी वाचता येत नाही, पण बोलू लागले की आपल्या पणजोबांनी बोलावं तसं बोलायचे, मधे मधे तमिळ पेरत. माझं मराठी त्यांना फार हिसक्याचं वाटे. "तूं भांडतेस की बोलतेस, तेंच समजत नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी म्हटलं, मामा, नाशिकला दोन्ही एकच.

तिथल्या दमट हवेत सॅकमधल्या बुटांना बुरशी धरली. म्हणून एका रविवारी बूट, दोर, कमरेला बांधायचं हार्नेस सगळं गच्चीवर उन्हात टाकलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात मागच्या गल्लीतली, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी एक बाई. गच्चीकडं बोट दाखवून इंग्रजीत विचारते, "ते तुमचे आहेत?" तिच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद. कळलं ते असं की तंजावरात चढाई करणारे एकंदर पाच जण होते आणि महिन्यातून दोनदा भल्या पहाटे गाडी काढून पुदुकोट्टैच्या बाजूला, दीड तासावरच्या एका तीस फुटी बोडक्या खडकावर जात. आमच्याकडं तेवढ्या उंचीला कुणी नावही देत नाही. पण ते पाच जण त्या तीस फुटांबद्दल असे बोलायचे की मला सह्याद्रीबद्दल तसं बोलायला लाज वाटावी.

मी गेले. दोर धरला, गाठी तपासल्या, केळीच्या पानातल्या इडल्या खाल्ल्या. ऊन तापलं की तो खडक तव्यासारखा होतो, म्हणून साडेनऊला सगळं आवरून परत. "तू नाही चढणार?" शिक्षिकेनं विचारलं. "टाच," मी म्हणाले. चार महिने असंच चाललं. त्या पाच जणांवर माझा जीव जडला, आणि प्रत्येक वेळी परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर बसून स्वतःवर चरफडायची.

आमच्या परसात चार नारळ. दर दीड महिन्यानं तिरुवैयारूकडच्या एका खेड्यातून एक अण्णा नारळ उतरवायला मोपेडवर यायचे. कोकणात ज्याला पाडेली म्हणतात तोच व्यवसाय. पन्नाशीचे, वाळक्या अंगाचे, पायांत अडकवायला काथ्याचं कडं, कमरेला कोयता. पहिल्यांदा त्यांना झाडाशी पाहिलं आणि माझ्यातली तज्ज्ञ जागी झाली. हे काय, ना हार्नेस, ना दोर! मी धावत जाऊन स्वतःचं हार्नेस आणलं आणि सुरक्षेवर छोटंसं भाषण दिलं. मामांनी त्याचं तमिळ केलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, हार्नेस दोन्ही हातांत उलटसुलट केलं आणि एकच विचारलं, "दोराचं दुसरं टोक वर कोण जाऊन बांधणार?" मामा इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

त्याच दिवशी मला त्यांची रीत कळली. मामा म्हणाले, "येथला वळक्कम आहे. घरचं एक माणूस झाडाखालीं उभं राहायचं. तो विचारेल, 'निक्किरींगळा?' म्हणजे, उभे आहांत काय? तूं म्हण, 'निक्किरेन', उभी आहें. म्हटलीस की मग तेथून हालूं नक्को. तो खालीं येऊन 'इरंगिट्टेन', उतरलों, म्हणेल, तेव्हांच सुटका. मीच राहात होतों इतके दिवस, पण आतां माझे गुडघे पोच्चु!" आणि गुडघे गेल्याचं त्यांनी हातानं असं काही दाखवलं की काम माझ्या गळ्यात पडलं.

खालच्या माणसानं करायचं ते साधंच. खाली कुणी आलं तर त्याला हाकलायचं आणि वरच्याला ओरडून सांगायचं. वरून अण्णांना झावळ्यांतून धड दिसत नाही. ते खालच्या आवाजावर कोयता चालवतात.

मला हे काम आवडलं. शब्द वेगळे, पण चढाईच्या आधी आम्हीही दोर धरणाऱ्याला हेच तर विचारतो. मान वर करून मी उभी राहायची, नारळ धप्प धप्प पडायचे, आणि अण्णा उतरून "इरंगिट्टेन" म्हणाले की मला उगाच काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या खेपेला मी माती खाल्ली. अण्णा विचारून वर गेले, मी "निक्किरेन" म्हणाले. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून येऊ, म्हणून मी आत गेले. गॅस बंद केला. तेवढ्यात फोन वाजला, ऑफिसचा, तो घेतला. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील.

बाहेर आले तर परसात शेजारणीची म्हातारी सासू. मागच्या दारानं कढीपत्ता न्यायला आली होती. बरोबर झाडाखाली वाकून निवांत एकेक डहाळी खुडत होती, आणि तिला कानांनी कमी ऐकू यायचं. मी वर पाहिलं. अण्णांनी दोन्ही पायांनी खोडाला मिठी मारली होती, एक हात झावळीत, आणि दुसऱ्या हातानं अर्धवट तोडलेला नारळाचा अख्खा घड धरून ठेवला होता. किती वेळ मला हाका मारत होते, देव जाणे. आवाज बसला होता. मी म्हातारीला ओढून बाजूला केलं. घड खाली आला तेव्हा जमीन हादरली.

अण्णा उतरले. "इरंगिट्टेन" म्हणाले नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही. उरलेली तीन झाडं तशीच सोडून मोपेडवर बसले आणि गेले.

दोन वर्षं मी नाकानं कांदे सोलत होते, की दोर धरणाऱ्या माणसाचं लक्ष हलतंच कसं? हलतं ते असं. कुकरच्या शिट्टीनं हलतं. वर लटकलेल्या माणसाबद्दल मनात काडीचंही वाईट नसताना हलतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि स्कूटर घेऊन कालव्याच्या कडेकडेनं त्यांच्या गावी गेले. अण्णा ओट्यावर काथ्याचं कडं वळत होते. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी म्हणाले, चूक झाली. ते कडं वळतच राहिले. मग चप्पल काढून मी टाचेवरचा वण दाखवला आणि जे आईलाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. मी पडले, खालचा माणूस बघत नव्हता, तेव्हापासून मी चढत नाही, पुदुकोट्टैकडच्या खडकावर जाते तेव्हाही खालीच उभी राहते. टाच दुखत नाही. "भयमा इरुक्कु," मला भीती वाटते.

अण्णांनी वण बोटानं दाबून पाहिला. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी त्यांना झाडावर चढणं शिकवलं ते एक वर्ष खाली उभं राहायला लावून. मग आत वळून बायकोला माझ्यासाठी ताक आणायला सांगितलं. म्हणजे माफ केलं असावं. विचारायचा धीर झाला नाही.

परतताना कालव्यावरच्या पुलावर स्कूटर थांबवली आणि मित्राला फोन लावला. म्हटलं, "काल मी एका माणसाला झाडावर सोडून आत गेले." तो म्हणाला, "तो बरा आहे ना?" मी हो म्हणाले आणि रस्त्यात उभी राहून रडले. एक बस हॉर्न वाजवत गेली.

पुढच्या खेपेला अण्णांनी चारही झाडांचे नारळ उतरवले. मी एका जागी खांब होऊन उभी. मामांनी आतून दोनदा कॉफी प्यायला बोलावलं, मी ओरडून सांगितलं की ओता मोरीत. उतरल्यावर अण्णांनी विचारलं, तुमचा तो खडक बघायला येऊ का?

रविवारी गाडीत ते सातवे. पाच जणांनी त्यांना अगदी पाहुण्यासारखं पुढच्या सीटवर बसवलं. खडकापाशी त्यांनी चपला काढल्या, नारळाला थोपटावं तसं खडकाला थोपटलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. मिठी मारायला काही नाही, म्हणाले, मला याची भीती वाटते. दिवसाला चाळीस झाडं चढणारा माणूस पाच अनोळखी लोकांसमोर हे सरळ बोलून गेला. मला वाटलं, मी दोन वर्षं काय करत होते?

मी हार्नेस चढवलं. शिक्षिकेनं काही न विचारता दोर धरला. ती दोर उत्तम धरते, चार महिने मी पाहत होते. तरी मी अण्णांकडं वळले आणि विचारलं, "निक्किरींगळा?"

"निक्किरेन," ते म्हणाले. "एरुंगा." चढा.

तीस फुटांना मला पाऊण तास लागला. नवशिक्या पोरीही दहा मिनिटांत जातात. बोटं घामानं सटकत होती, एका जागी तर मी खडकाला गाल लावून बराच वेळ नुसती उभी होते. पण वर पोचून माथ्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

दोरानं खाली आले. सगळे टाळ्या वाजवत होते, शिक्षिका मिठी मारत होती, मी हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. गाठ सोडायला लागले तर बोटं वळेनात. एकीनं पाणी दिलं. ऊन चांगलंच वर आलं होतं, खडकाची सावली मागं सरकली होती आणि तिच्याबरोबर बाकीचे सगळे सरकले होते.

"ते तसेच का उभे आहेत?" शिक्षिका म्हणाली.

अण्णा उन्हात उभे होते. मी विचारलं तेव्हा जिथं होते, तिथंच. अनवाणी, तापलेल्या दगडावर, एकदा हे पाऊल उचलत, एकदा ते. चपला त्यांच्यापासून तीन पावलांवर सावलीत होत्या. ते माझ्याकडं बघत होते, आणि वाट कसली बघताहेत ते मला उशिरानं कळलं.

"इरंगिट्टेन, अण्णा," मी म्हणाले. "इरंगिट्टेन."

त्यांनी मान डोलावली आणि मग चपलांकडं गेले.