पिकअपमधलं पाणी

अप्पांच्या जुन्या पिकअपमध्ये पाणी शिरतंय, हे आधी नाकाला कळलं. दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. अप्पा मेटगळ्ळीच्या कारखान्यातले पत्रे एच. डी. कोटे गावाला पोचवतात. एका दुपारी कोटेच्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मागची लॉरी हातभर अंतरावर येऊन थांबली. पायाखालच्या मॅटखालून जाणाऱ्या वायरी भिजून ब्रेकलाइट बंद पडले होते. हे मला अप्पांनी नाही, आईने सांगितलं. ती शेजारच्या सीटवर होती. गळती सापडेपर्यंत गाडी काढायची नाही, असं मी दोघांना बजावलं. मला भीती वाटली की मी ओरडते, त्या दिवशी तर खूपच ओरडले.

आई गाडीत असायचीच. गेले सहा महिने तिने अप्पांची एक खेप चुकवली नव्हती. "म्हातारपणी हनिमून का?" म्हणून मी दोघांना छळायची. "घरात सुम्ने, उगाच बसून काय करू?" ती हसून म्हणायची. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले, तर वाटभर हिची टकळी चालूच. "लाल पडला बघा." "डावीकडनं सायकल येतेय." मी म्हटलं, आई, गाडी तू चालवतेस की अप्पा? आईने पदर सावरला आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. मला वाटलं, थट्टा झोंबली.

गळती शोधायची युक्ती अप्पांचीच. आमचं घर मूळचं रंगाऱ्यांचं. कापड रंगवणं आजोबांबरोबर संपलं, पण अप्पांनी लहानपणी त्यांच्या हाताखाली काम केलेलं. लाल म्हटलं की ते विचारायचे, कुठला? कुसुंबी, डाळिंबी की राणी? आईच्या झंपराचं कापड त्यांच्याशिवाय कधी जुळलं नाही. ट्रंकेच्या तळाशी रंगाच्या जुन्या, नावं लिहिलेल्या पुड्या होत्या, त्यातल्या तीन त्यांनी काढल्या. पाणी लगेच टपकत नव्हतं, आत कुठेतरी फिरून तासा-दोन तासांनी मॅटखाली उतरायचं. म्हणून त्यांनी तीन जागी तीन रंग भरले. पुढच्या काचेच्या रबराखाली निळा, मागच्या काचेला हिरवा, दाराला लाल. मॅटखाली पांढरा फडका अंथरला. रविवारी सकाळी मी वरून पाइपने पाणी सोडलं. जो रंग फडक्यावर येईल, तिथे गळती. मेकॅनिकला सुचलं नसतं ते रंगाऱ्याला सुचलं, म्हणून मला अभिमानही वाटला.

दुपारी मी नळाशी पाइप गुंडाळत होते, तेव्हा अप्पांनी फडका ओढून काढला.

"हिरवा," ते म्हणाले. "मागची काच. अल्वा गं, हो ना?" हे विचारलं आईला.

आईने फडका हातात घेतला, त्याची घडी घातली. "हिरवाच," ती म्हणाली.

अप्पांनी मागची काच उतरवली, नवं रबर बसवलं, कडेने सीलंट भरलं. वायरी बदलल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि मॅट पुन्हा ओलीचिंब. अप्पांनी मुकाट्याने मागची काच पुन्हा उतरवली. पुन्हा पाऊस, पुन्हा पाणी. त्यांचा हात असा कधी चुकत नसे. मला काहीतरी खटकत होतं, पण अप्पा चुकतील हे मनात येतच नव्हतं.

सीट पुसायला मी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात हात घातला, तर अगदी तळाशी तो फडका होता. धुतलेला, पण आमच्या घरचा रंग धुतल्याने जात नाही. मधोमध भलामोठा डाग होता. निळाशार. हिरव्याचा एक ठिपकाही नाही.

मी तसाच तो स्वयंपाकघरात नेला. आई कणीक मळत होती.

"हा हिरवा आहे?"

तिने मान वर केली नाही. "नाही."

"मग तेव्हा का म्हणालीस?"

"त्यांनी आधी सांगितलं ना. रंगाऱ्याच्या पोराला रंग कळेनासा झालाय, हे तुझ्यासमोर कसं बोलू?" मग हळूच म्हणाली, "रंगाचं जाऊ दे गं. डाव्या बाजूचं त्यांना दिसतच नाही. म्हणून तर मी जाते."

हनिमून म्हणत होते मी. लाल, हिरवा, सायकल, म्हैस, शाळेतून सुटलेली पोरं, हे सगळं आई सहा महिने बोलून दाखवत होती आणि अप्पा त्या बोलण्यावर टनभर पत्रे घेऊन गाडी हाकत होते. ती एकदा शिंकली असती तर? एकदा तिचा डोळा लागला असता तर?

"डॉक्टरला दाखवलं?"

"बेडा, नको म्हणतात. एकदा दाखवलं की गाडी गेली, म्हणतात."

आईचाही मला राग आला, आणि तिची कीवही आली. रात्रभर दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करत राहिली.

गळती तशीच असली तरी वायरी नव्या, म्हणून अप्पांनी सकाळी कोटेची खेप घेतली होती. पत्रे भरून झाले होते. आईने चपला घातल्या, पाण्याची बाटली घेतली आणि नेहमीसारखी दार उघडून आपल्या सीटवर बसली. मॅट अजून ओली होती. अप्पांनी माझ्यापुढे हात केला. किल्ली मी आधीच काढून घेतली होती, ती माझ्या मुठीत होती.

"अप्पा," मी म्हटलं आणि फडका उघडून त्यांच्यासमोर धरला. "हा रंग कुठला, सांगा."

अप्पांनी फडक्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी गाडीतल्या आईकडे पाहिलं. आई खाली, आपल्या ओल्या पावलांकडे बघत राहिली आणि या वेळी काही बोलली नाही.